फलाट क्रमांक एक, कडुनिंब

खोली बघायला गेलो त्या दिवशी मालकांनी भाड्याचा विषय काढायच्या आधी मला विचारलं, "तांदूळ किती पाण्यांनी धुता?"

"दोन," मी म्हटलं.

"आन् ते पाणी जातं कुठं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याला चितेगावच्या कंपनीत नोकरी लागली होती म्हणून आम्ही साताऱ्याहून संभाजीनगरला आलो होतो, आणि घरमालकाच्या मुलाखतीत तांदूळ निघतील याची त्याला कल्पना नव्हती. "मोरीत जातं," तो खरं ते बोलून गेला.

मालकांनी डोळे मिटून घेतले. "मोरीत नाय जायचं. तांदळाचं, डाळीचं, भाजीचं, सगळं पाणी खाली बागेत. साबणाचं तेवढं तुमचं. त्याचं काय करायचं ते करा."

एवढ्यावर आमचा करार झाला. त्या भागात नळाला पाणी इतक्या दिवसांनी यायचं की ते आलं की लोक एकमेकांना फोन करून अभिनंदन केल्यासारखे बोलायचे, त्यामुळे मालकांचं म्हणणं मला पुढे पटलं. पण सुरुवातीला रोज सकाळी पातेलं घेऊन जिना उतरताना, आपण भाडेकरू आहोत की पाणक्या, हा प्रश्न मला पडायचाच.

मालक एसटीतून निवृत्त झाले होते. बसस्थानकावर काचेच्या खिडकीमागे बसून, अमुक गाडी तमुक फलाटावर लागलेली आहे, असं सांगणारा जो आवाज असतो ना, तो त्यांचा. निवृत्त माणूस झाला होता, आवाज नव्हता झाला. घराभोवतीच्या त्या चिंचोळ्या जागेत त्यांनी बाग केली होती आणि तिचे फलाट पाडले होते. फाटकावरचा कडुनिंब हा फलाट क्रमांक एक. पुढं जास्वंद आणि अडुळसा, मग मोगरा, मागच्या बाजूला वांगी, टोमॅटो, पालक, आणि भिंतीला टेकून शेवगा. सकाळी सहाला आम्ही पांघरुणात असतानाच खालून सुरू व्हायचं.

"प्रवाशांनी नोंद घ्यावी! बुलबुल फलाट क्रमांक पाचवर लागलेली आहे! टोमॅटोच्या मालकांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी!"

टोमॅटोचे मालक तेच. पण घोषणा नियमाप्रमाणे व्हायची.

सातभाई आले की ती वऱ्हाडाची जादा गाडी. मुंगूस भिंतीच्या कडेने सळकन जायचं, ती विनाथांबा. कोकिळेला त्यांनी वेळापत्रकातून काढूनच टाकलं होतं, कारण ती ओरडते इथं आणि उतरते भलतीकडे. भारद्वाज दिसला तर मात्र त्यांचा आवाज आपोआप आदबशीर व्हायचा, साहेब तपासणीला आल्यासारखा. आणि सरड्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "तो कंट्रोलर हाय," ते म्हणायचे. "नुसता बसून मान हलवतो."

माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा रिक्षातून पाय खाली टेकायच्या आत घोषणा झाली, "साताऱ्याहून येणाऱ्या मातोश्री फाटकावर आलेल्या आहेत!" सासूबाई दचकल्या, मग सुखावल्या. त्यांच्या येण्याची एवढी दखल आमच्या घरात मी कधी घेतली नव्हती, हे त्यांनी मला जेवताना सांगितलं.

बागेतलं प्रत्येक झाड एसटीनं आलेलं होतं. पिशोर हे मालकांचं गाव. शेती भाऊ बघायचे आणि हे जाऊन रोपं उचलून आणायचे. मालकीणबाईंचं माहेर फुलंब्रीचं, तिकडून वांग्याचं रोप आलेलं. रोप मांडीवर घेऊन येताना मालक त्याचं अर्धं तिकीट काढायचे. स्वतःला पास असून! कंडक्टर हसायचे, म्हणायचे, अहो साहेब, झाडाला कसलं तिकीट. यांचं उत्तर ठरलेलं: "जागा अडवली का नाय त्यानं? मग?" ती जुनी, छापील, पंच केलेली तिकिटं ते दोऱ्यानं त्या त्या झाडाला बांधून ठेवायचे. शाई उडायची, कागद विरायचा, तरी तिकीट झाडावरून सोडायचं नाही. त्यांच्या बागेत विनातिकीट काही उगवलंच तर ते गवत, आणि त्याला ते खुरप्यानं उतरवायचे.

आपण नोकरीत एकही खोटी घोषणा केली नाही, हा त्यांचा अभिमान होता. गाडी डेपोतच उभी असताना 'येतच आहे' असं सांगायला वरिष्ठांनी सांगितलं तरी ते सांगायचे नाहीत. "उशिरा सुटंल, पण खोटं नाय सुटणार," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे, कधी शेवग्याच्या शेंगेबद्दल, कधी जावयाबद्दल.

हळू बोलणं मात्र त्यांना येत नव्हतं. एका साखरपुड्यात पंगतीला बसल्यावर ते बायकोच्या कानाशी लागून म्हणाले, "भात कच्चा राह्यलाय," आणि मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला आचाऱ्यानं झारा खाली ठेवला. मालकीणबाईंनी तेव्हापासून लग्नकार्यात त्यांच्या शेजारी बसणं सोडलं होतं. त्या मोजकं बोलायच्या. त्या घरातल्या बोलण्याचा सगळा कोटा एकाच माणसानं उचलल्यावर त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

तर अशा माणसावर एकदा गुपित सांभाळायची पाळी आली.

फाल्गुनातली गोष्ट. कडुनिंब मोहरला होता आणि सगळ्या गल्लीला तो कडसर गोड वास येत होता. मी पातेलं घेऊन खाली आले तर मालक फाटकाशी हात मागे बांधून उभे, आणि घोषणा नाही! मला वाटलं, घसा बसला. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मला खुणेनं जवळ बोलावलं आणि फाटकावर वाकलेली कडुनिंबाची फांदी दाखवली.

फांदीच्या टोकाला एक लांबट पिशवी लोंबत होती. वाळकी पानं, साली, कोळ्याचं जाळं, सगळं चिकटवून केलेली. बाजूला छोटं दार आणि दारावर चक्क छज्जा. आत काहीतरी हललं, आणि जास्वंदीवरून काळाजांभळा चमकणारा एक इवलासा पक्षी चिडून ओरडला.

"शिंजीर," मालक कुजबुजले. म्हणजे त्यांच्या हिशेबानं कुजबुजले. माझ्या कानात दडे बसले. "मादी आत हाय. अंडी घातली असतील. आन् ते बगा, दाराखाली. दिसलं?"

दाराखाली पानांच्या मधे गुलाबी कागदाचा तुकडा चिकटवलेला होता. त्याला पंचचं गोल भोक.

"तिकीट लावलंय तिनं!" त्यांचे डोळे भरून आले होते, मी थट्टा करत नाही. "मोगऱ्याचं अर्धं तिकीट. पिल्लांना अर्धंच लागतं. आता मला सांगा, तिकीट काढलेल्या प्रवाशाला मधीच उतरवता येतं का?"

समोरच्या गच्चीवर गल्लीतल्या बायका कुरडया घालत होत्या. त्यांचं बोलणं एकाएकी बंद पडलेलं मला जाणवलं. ऊन लागलं असेल, असं मला वाटलं.

अडचण काय होती ती सांगते. पाडवा तोंडावर आला होता. पाडव्याला गुढीला कडुनिंबाची डहाळी लागते, आणि गूळ, ओवा घालून वाटायला कोवळी पानं आणि मोहोर लागतो. आमच्या गल्लीत ती सगळी डहाळी याच फांदीची जायची, कारण ती फाटकावर हाताला येईल अशी वाकलेली. दरवर्षी पाडव्याला पहाटेपासून लोक यायचे, फांदी ओढायचे, मालक मोठ्यानं रांग लावायचे आणि घरटी एकच डहाळी द्यायचे. यंदा फांदी ओढली की घरटं गेलंच.

"मग लोकांना सांगा ना," मी म्हटलं. "घरटं आहे म्हटल्यावर कोण हात लावेल?"

"सांगू? अख्खी कॉलनी मोबाइल घेऊन यील. एक जण फांदी धरंल, दुसरा फोटो काढंल. पाखरू घाबरून अंडी टाकून जाईल. नाय नाय. या गाडीची घोषणा नाय करायची." मग ते पुन्हा त्याच कुजबुजीत म्हणाले, "कुणाला बोलू नका. हिला पण नाय सांगितलं मी."

पाडव्याच्या आदल्या दिवशी फुलंब्रीच्या गाडीच्या टपावरून कडुनिंबाचे भारे आले. मेहुण्याच्या बांधावरचे. जुन्या ओळखीच्या कंडक्टरनं ते उतरवून दिले आणि एवढ्या झाडांचं तिकीट काढलं का, असं विचारलं. पाडव्याच्या पहाटे, कुणी फाटकाशी यायच्या आत, मालक पांढरा सदरा घालून घराघरांतून फिरले आणि प्रत्येक दारात हात जोडून एकेक मोठी डहाळी देऊन आले. सोबत शेवग्याच्या शेंगा. माणूस रिकाम्या हातानं परतला तर मन राहत नाही, तो पुन्हा फाटकाशी येईल, म्हणून भरघोस द्यायचं, असा त्यांचा हिशेब.

हा हिशेब चुकला. जो माणूस घरटी एक डहाळी देताना ती लांब आहे की आखूड हे बघायचा, तो पाडव्याला पांढरा सदरा घालून, हात जोडून, शेवग्याच्या शेंगा वाटतो? तेव्हा महापालिकेची निवडणूक आज लागेल, उद्या लागेल, असं वर्षानुवर्षं चाललेलं होतं. समोर राहणारे एक काका रोज दोन-तीन पेपर वाचून गल्लीला त्याचा अर्थ सांगायचे. त्यांनी शेंग उजेडात धरून पाहिली आणि निकाल दिला, "उभा राहतोय."

दुपारपर्यंत सगळ्या पुरुषमंडळींना ते पटलेलं होतं. संध्याकाळी ड्रेनेजची तक्रार घेऊन पहिले गृहस्थ आले. दुसऱ्या दिवशी नळाची वेळ बदलून मागायला तिघे. एक जण मुलाला कुठंतरी चिकटवा म्हणून मुलालाच घेऊन आला. मालक सगळ्यांना फाटकापासून लांब, मागच्या वांग्यांपाशी नेऊन बोलायचे. त्यावरून, माणूस बंद दाराआडचं राजकारण करतो, अशीही ख्याती झाली.

"तुम्ही नाही म्हणून टाका," मी म्हटलं.

"मग म्हणतील, शेंगा कामून वाटल्या?" ते कळवळून म्हणाले. "खोटं मला सांगता येत नाय. खरं सांगायचं नाय. गप बसतो."

गप बसणं या प्रकाराचा त्यांना सराव नव्हता. सकाळच्या घोषणा त्यांनी पाखरू बिचकायला नको म्हणून बंद केल्या होत्या. बुलबुल टोमॅटो फोडून जायची आणि हे नुसते ओठ हलवायचे. मला खरंच त्यांची दया यायची.

मग एके दिवशी सकाळी भावी नगरसेवक आला. चौकातल्या फ्लेक्सवर त्याच्या फोटोखाली तसं लिहिलेलंच होतं, आणि निवडणूक इतकी लांबली होती की फोटोतल्या माणसापेक्षा प्रत्यक्षातला माणूस बराच पोक्त दिसायचा. त्याच्यासोबत दहा-बारा कार्यकर्ते, एक हलगीवाला, हार, आणि फटाक्यांची लांबलचक लड. ती लड एकानं नेमकी फाटकासमोर पसरायला घेतली. घरट्यात आता पिल्लं होती. दारातून पिवळसर चोची दिसायला लागल्या होत्या.

मालक अनवाणी धावत आले. माझ्या हातातलं पातेलं कलंडलं.

"काका!" भावी नगरसेवकानं हार पुढे केला. "तुम्ही जुने, मानाचे माणूस. आपल्यात लढत नको. हौ ना? डायरेक्ट बोला, काय पाहिजे?"

"फटाके नाय पाहिजेत," मालक म्हणाले. आवाज असा दाबलेला की मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "हलगी नाय. या फाटकातून महिनाभर कुणी यायचं नाय. ही फांदी कुणी धरायची नाय. गल्लीत मोठ्यानं बोलायचं नाय."

हलगीवाला हळूच हलगी पाठीमागे घेऊन उभा राहिला. भावी नगरसेवकानं वाट पाहिली. "आणि?"

"आणि काय नाय."

"बस्स? मग तुम्ही बसणार ना, उभे नाही राहणार?"

"मी बसलेलोच हाय की!" मालक म्हणाले, आणि ते अक्षरशः खरं होतं, अनवाणी धावताना तळव्यात रुतलेला खडा काढायला ते पायरीवर बसले होते.

लड गुंडाळली गेली. हार मालकांच्या गळ्यात पडला. मिरवणूक पाऊल न वाजवता गल्लीबाहेर गेली. शिंजीर मादी तोंडात कोळी घेऊन आली, तिनं एकदा हाराकडे पाहिलं आणि ती आत शिरली.

तासाभरात गल्लीत झालं, विकला गेला. किती घेतले एवढाच प्रश्न उरला होता. पेपर वाचणारे काका म्हणाले, "आपली किंमत त्यानं शेवग्याच्या शेंगेवर केली, आणि स्वतःची मात्र नीट करून घेतली." मालक दूध आणायला निघाले की कट्ट्यावरचं बोलणं थांबायचं आणि ते पुढं गेले की हसणं ऐकू यायचं. जन्मभर एक खोटी घोषणा न केलेला माणूस! एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. त्यांच्यासारखा आवाज असता तर मी ते वाक्य गच्चीवर उभी राहून ओरडले असते, इतका मला त्या कट्ट्याचा संताप आला होता. मी तसं बोललेही.

त्यांनी मान हलवली. "पिल्लं उडू द्या. माझं काय, उशिरा सुटंल."

नंतर एका सकाळी मी खाली आले तेव्हा पहिलं पिल्लू घरट्याच्या दारात बसलं होतं, छज्ज्याखाली, पंख फुगवून. मादी जास्वंदीवरून बोलावत होती. ते पडल्यासारखं निघालं आणि जास्वंदीपर्यंत पोचलं. दुसरं बराच वेळ नाही म्हणत होतं. मालकांनी माझ्या हातातलं पातेलं धरलं होतं आणि मी पण ते सोडलं नव्हतं, असे आम्ही उभे होतो. मग दुसरंही गेलं.

मालकांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. श्वास घेतला. इतके दिवस साठलेलं सगळं त्यांनी एकदम सोडलं.

"प्रवाशांनी नोंद घ्यावी! फलाट क्रमांक एक, कडुनिंबावरून गाडी वेळेवर सुटलेली आहे!"

कावळे उडाले. गल्लीतली दारं उघडली. समोरच्या गच्चीवर, खिडक्यांत, ओट्यांवर बायका आल्या, कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या डोक्याला टॉवेल. आणि एकीनंही विचारलं नाही की कसली गाडी. सगळ्या जास्वंदीकडे बघत होत्या. एकजण तर पदरानं डोळे पुसत होती.

मी मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या दारात शांतपणे वांगी चिरत उभ्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"त्यांनी तुमच्या कानात सांगितलं ना फाटकाशी," त्या म्हणाल्या, "तवाच समद्या गल्लीला कळलं. गच्चीवर कुरडया घालायलो होतो आम्ही. मोगऱ्याच्या तिकिटापर्यंत समदं ऐकलं."

"समद्या बायकांना?"

"व्हय. लेकरांना त्या फांदीखाली फिरकू नाय दिलं कुणी. पाडव्याला डहाळीला एक तरी आलं का? हे शेंगा वाटून दमले, पण कुणी येणारच नव्हतं."

"अहो मग पुरुषांना का नाही सांगितलं? ते किती वाईट बोलले यांना."

"पुरुषांना?" त्यांनी सुरी थांबवली. "घरट्याचा फ्लेक्स लावला असता त्यांनी." मग बागेकडे बघत म्हणाल्या, "आन् यांना जन्मात पहिल्यांदा काय तरी लपवायला मिळालं होतं. किती खूश होते. ते मोडायचं व्हय? आज घरोघरी सांगतील बाया, आता पाखरं गेली. तुम्ही मात्र यांना बोलू नका."

दुपारी पेपर वाचणारे काका फाटकाशी आले. रिकामं घरटं त्यांनी पेपरात बघतात तसं चष्मा वर करून पाहिलं, आणि काही न बोलता दोन हापूस आंबे कठड्यावर ठेवून गेले. मालकांना वाटलं, हे अजून मला उमेदवार समजतात. त्यांनी आंबे परत पाठवले.

पुढच्या फाल्गुनात नवऱ्याची बदली झाली. सामान बांधायला काढलं होतं तरी तांदळाचं पाणी चुकवायची सोय नव्हती. मी पातेलं घेऊन खाली आले. मालक फाटकाशी हात मागे बांधून उभे होते, आणि घोषणा नव्हती. फुलंब्रीचे भारे आत्ताच येऊन भिंतीला लागलेले दिसत होते. समोरच्या गच्चीवर बायका कुरडया घालत होत्या.

मालकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मला जवळ बोलावलं.

"आलीय," ते कुजबुजले. "तिकीट लावलंय. यंदा वांग्याचं."

गच्चीवरचे सगळे हात एकदम थांबले. मग सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या आणि जोरजोरात कुरडया घालायला सुरुवात केली.

"कुणाला बोलू नका," मालक म्हणाले.

"नाय बोलत," मी म्हटलं.